टोपलीखालचे पाऊल

अमरावती, सोमवार, ता. ९ जानेवारी १८६५

आजपासून ही रोजनिशी. काय शिकविले ते कचेरीच्या वहीत लिहायचे आहेच. इथे मनातले लिहीन. बायकोला, रुख्मिणीला, सांगावे तर ती हसते.

कोतवालीमागच्या गवती छपरीत शाळा भरली. नव्या पोलिसांत घेतलेले चौदा जण. सध्या कापसाच्या गाड्या हाकणाऱ्याला शिपायापेक्षा जास्त मिळते, गावात बैलांच्या शिंगांवर चांदी चढली आहे, तरी हे चौदा इकडे आले. म्हणजे फार भले असावेत किंवा फार आळशी. त्यांतला नांदगाव खंडेश्वरचा सूर्यभान तेवढा चुणचुणीत दिसला. थोडेफार लिहिता-वाचता येते.

जिल्ह्याच्या साहेबांनी सर्वांसमोर सांगितले की उन्हाळ्यात अकोल्याला पोलिसांची कायमची शाळा निघणार आणि तिचा मुख्य शिक्षक इथे शिकविणाऱ्यांतूनच घेणार. मी विनयाने मान खाली घातली. दर्यापूरच्या पटवाऱ्याचा धाकटा मुलगा शेषराव, वडिलांनी ज्याला नेहमी थोरल्याच्या मागे उभे केले, तो अकोल्याचा मुख्य शिक्षक! थोरला आता घरी बसून पाहील.

मान वर केली तेव्हा ध्यानात आले की साहेब ‘शिकविणाऱ्यांतून’ म्हणाले होते. दुपारी दुसरा आला. कुर्बान जमादार. साठीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, अंगठा उठवणारा माणूस. निजामाच्या अमलात लोकांना ठोकून काढण्यात ज्याची हयात गेली तो आता नवे पोलीस घडवणार! हा म्हणे ‘माग’ शिकवणार, म्हणजे मातीतले पाऊल ओळखणे. मी छापील कायदा शिकवायचा आणि याने माती. तरी नाव मात्र दोघांचेही शिक्षक.

गुरुवार, ता. १२ जानेवारी

संक्रांत. पोरांनी तिळगूळ आधी जमादाराला दिला, मग मला. मी खाल्ला नाही, खिशात ठेवला. खिसा चिकट झाला.

त्याचा वर्ग असा: आवारात बारीक माती पसरतो, पोरांना एकेक करून चालायला लावतो आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहतो. मग वळून पाहतो आणि नावे सांगतो. चौदापैकी चौदा बरोबर. पोरे जत्रेत आल्यासारखी ओरडली. मग एकाने म्हटले, ‘मास्तरजी, तुमी बी चाला ना!’ नाही म्हणणे बरे दिसेना. जोडे काढून चाललो.

जमादार खाली वाकला. ‘मास्तर, तुमी उजव्या टाचेवर जोर देता अन् टाच बाहेर टाकता. लहानपनी झाडावरून पडले होते काय?’

चिंचेवरून पडलो होतो, आठव्या वर्षी. मी म्हणालो, ‘आठवत नाही.’ तो हसला. खोटे ओळखले असेल. चौदा पोरांसमोर माझी टाच चव्हाट्यावर आली आणि मी जोडे घालत असताना सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

गुरुवार, ता. १९ जानेवारी

तीन दिवस एकच गोष्ट घोकून घेतली. शिपायाने कोणाला मारून कबूल करवू नये, धाक घालू नये, आमिष दाखवू नये. गावात जाऊन फुकट दूध, कोंबडी, गवत घेऊ नये. सूर्यभान उठून म्हणाला, ‘मंग मास्तरजी, शिपाई व्हाचं काहून?’ सगळे हसले. मी त्याला उभे ठेवले.

दुपारी जमादाराच्या वर्गात मी मुद्दाम मागे बसलो. त्याने आज माग शिकवलाच नाही. कारंज्याची एक गोष्ट सांगितली. वीस वर्षांपूर्वी एका घरातून दागिने गेले. याने एका गाडीवानाला तीन दिवस झोडले. गाडीवानाने कबूल केले. चौथ्या दिवशी दागिने घरातल्याच रांजणात सापडले.

‘मंग तो गाडीवान?’ सूर्यभानाने विचारले.

‘त्याले सोडलं. पन हात गेला होता त्याचा. बैलाचा कासरा धरता येत नोता.’ जमादाराने स्वतःचे हात पुढे केले. ‘हेच ते हात. मार खाल्लेला मानूस तुमाले जे पायजे ते सांगते, पोट्टेहो. खरं नाई सांगत. म्या मारलं म्हून म्या खरं गमावलं.’

सूर्यभानाच्या डोळ्यांत पाणी होते. मी तीन दिवस घसा कोरडा केला तेव्हा हाच पोरगा फायदा विचारत होता.

घरी येऊन जेवलो नाही.

शुक्रवार, ता. २० जानेवारी

स्पष्ट लिहितो. मला त्याचा हेवा वाटतो. त्याला साधे नाव लिहिता येत नाही. स्वतःचा गुन्हा सांगून हा लोकांचा लाडका होतो. मी आयुष्यात कोणाला चापट मारली नाही, त्याचे कोणाला कौतुक नाही.

गुरुवार, ता. २ फेब्रुवारी

रमजान सुरू आहे. म्हातारा दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही आणि उन्हात मातीवर वाकलेला असतो. पोरेही त्याच्यासमोर पाणी पीत नाहीत, लांब जाऊन पितात. माझ्या वर्गात घटाघटा पितात.

आज मी सहज विचारले, ‘जमादार, अकोल्याचा काही विचार?’

‘अकोल्याले कोन जाते मास्तर! माही माय इथं हाये. नव्वदीची. माह्या हातानंच जेवते.’

किती हुशारीने झाकून ठेवले! हवे ते हवे म्हणून दाखवत नाही. आईचे नाव पुढे केले की साहेबाचे मन विरघळणारच.

रात्री जेवताना हे रुख्मिणीला सांगितले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘एक विचारू का? मी दोन डाव बाळंत झाली, तवा बी तुमी माहं नाव इतकं घेतलं नाई, जितकं त्या जमादाराचं घेऊन राहिले.’

हिला काय कळते!

सोमवार, ता. १३ फेब्रुवारी

आज फार झाले. क्रमाने लिहितो.

काल रात्री कापसाच्या बाजारातून रुईची चार ओझी चोरीला गेली. चौकीदार सहदेव. तो म्हणतो डोळा लागला होता. व्यापारी म्हणतो चौकीदारच चोर. सकाळी सहदेवला कोठडीत घातले. त्याची बायको मनकर्णाबाई फडक्यात भाकर बांधून आमच्या छपरीसमोरच्या निंबाखाली येऊन बसली, ती दिवसभर उठली नाही.

जमादाराला पहाटेच बोलावले होते. बाजारामागच्या काळ्या मातीत गाड्यांनी आणि गुरांनी सगळे तुडवून टाकलेले, पण कुंपणाच्या कडेला त्याला एक पाऊल साबूत सापडले. त्याने लगेच त्यावर टोपली पालथी घातली. माग जपायची इथली जुनी रीत आहे ही. उद्या साहेब दौऱ्यावरून येतील तेव्हा त्यांच्यासमोर आणि सगळ्या वर्गासमोर टोपली उघडायची, पाऊल मापायचे, सहदेवच्या पायाशी ताडायचे. तोवर पोरांनी पाळीपाळीने पहारा द्यायचा. पोरांनी विचारले की पाऊल कसे आहे, तर म्हणतो, ‘सांगत नाई. म्या सांगतलं त तुमी माह्या डोयानं पाहसान. उद्या आपल्या डोयानं पाहा.’

आणि पोरे त्या टोपलीकडे देव्हाऱ्याकडे पाहावे तशी पाहत होती. आज माझ्या वर्गात सहा जण आले. सहा!

दुपारी जमादार नमाजाला गेला. मी पाय मोकळे करायला बाजारामागे गेलो. पहाऱ्यावर सूर्यभान होता. ऊन चटचटत होते. म्हटले, ‘जा, पाणी पिऊन ये. मी उभा आहे.’ तो म्हणाला, ‘जमादार म्हनले का हलू नोको.’ मी म्हटले, ‘मी कोण आहे?’ तो लाजला आणि गेला.

मला फक्त पाहायचे होते. पोरे ज्याच्यापुढे हात जोडतात ते या मातीत आहे तरी काय, एवढेच. माझ्या जोड्याचा ठसा उठू नये म्हणून जोडे काढले, टोपली उचलली. डावे पाऊल. टाच, चवडा, पाचही बोटे चांगली उमटलेली, करंगळी किंचित बाहेर गेलेली. बस्स. असली पावले अमरावतीत लाखो असतील. यासाठी एवढे नाटक?

मग मनात आले की उद्या साहेब इथे वाकतील आणि म्हातारा एकेक खूण सांगेल, साहेब पोरांकडे वळून म्हणतील की पाहा, याला म्हणतात शिक्षण. मी तिथे मागे उभा असेन, घरी थोरल्याच्या मागे उभा असे तसा.

पाय पुढे गेला. एकदा फिरला. माती सपाट झाली. टोपली होती तशी ठेवली, जोडे घातले. सूर्यभान तोंड पुसत आला आणि म्हणाला, ‘लय उपकार झाले मास्तरजी.’

गुराच्या धक्क्यानेही टोपली उलथली असती. वाऱ्यानेही माती उडाली असती. सहदेव चोर असेल तर पावलावाचूनही चोरच आहे आणि नसेल तर कायदा त्याला सोडील. मी कायदा शिकवतो, मला माहीत आहे.

मंगळवार, ता. १४ फेब्रुवारी

साहेब आले. सगळा वर्ग कुंपणापाशी उभा राहिला. जमादाराने ‘बिस्मिल्ला’ म्हणून टोपली उचलली.

तो खाली बसला आणि बसूनच राहिला. मी मागे उभा होतो. मला वाटले होते तो ओरडेल, पोरांवर चिडेल. त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायांकडे पाहिले. जोड्याला काही लागले की काय म्हणून मीही खाली पाहिले. जोडे स्वच्छ होते.

‘माग मोडला साहेब,’ तो म्हणाला. ‘आता इथं नुसती एक टाच हाये.’

साहेबांनी पहारा देणाऱ्या प्रत्येकाला विचारले, कोण आले होते? सूर्यभान छाती पुढे काढून म्हणाला, ‘माह्या पहाऱ्यात कोनी नाई आलं साहेब. मास्तरजी येऊन गेले तेवढे.’

साहेबांनी मान हलवली आणि पुढच्याला विचारले. एकाही पोराने माझ्याकडे वळून पाहिले नाही. मला केवढे हायसे वाटायला हवे होते! वाटलेही. पण जमादार आला असता तर ते ‘कोणी आले’ असे झाले असते. मी आलो म्हणजे कोणीच आले नाही.

जमादार म्हणाला, ‘साहेब, म्या काल पाह्यलं. ते सहदेवाचं पाऊल नोतं.’ साहेबांनी विचारले, आणखी कोणी पाहिले? कोणी नाही. मग साहेब म्हणाले की सहदेव वीस वर्षे तुमच्या ओळखीचा, त्यातून एकट्याच्या तोंडच्या शब्दावर खटला चालत नाही, ते दिवस गेले. मी शिकवतो तेच शब्द.

जिंकलो. पोरे जमादाराच्या मागून चालत परत गेली. हरलेल्याच्या मागूनही जातात.

बुधवार, ता. १५ फेब्रुवारी

संध्याकाळी, रोजा सुटायच्या थोडे आधी, तो आमच्या दारात आला. आत बोलावले तर ओट्यावरच बसला.

‘मास्तर, एक गोष्ट तुमाले इचारतो. तुमी कायदा जानता. ज्यानं टोपली उचलली त्यानं ते पाऊल पाह्यलं असन ना?’

‘असेल,’ मी म्हणालो.

‘त्यानं फक्त येऊन सांगावं का बोटं किती होती. बास. दुसरं काई नाई. दोन साक्षी झाल्या म्हंजे सहदेव सुटते.’

‘मग ज्याच्यावर संशय आहे त्याला पकडा,’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

‘पकडून काय होते? तो म्हनन, म्या नाई पाह्यलं. दाबून इचारलं त आनखी नाई म्हनन. अन् मारून कबूल करवाचे दिवस गेले, तुमीच शिकवता पोट्ट्यायले.’ तो उठला. ‘त्यानं आपल्या मनानं यावं. आईच्यान, मी त्याले एक शब्द नाई बोलनार.’

रुख्मिणीने खजूर पुढे केले. त्याने ते कपाळाला लावून घेतले आणि गेला. ती दारात बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, ‘हा इथं काहून आला होता?’

म्हातारा सगळीकडे खडे टाकून पाहत असणार. घरोघर असेच विचारत फिरत असेल. आणि बोटे किती, हा काय प्रश्न झाला? माणसाला बोटे किती असतात!

सोमवार, ता. २७ फेब्रुवारी

ईद. पोरे जमादाराच्या घरी शिरखुर्मा खायला गेली. मलाही बोलावणे होते, गेलो नाही.

सकाळी साहेबांनी हुकूम दिला. अकोल्याचा मुख्य शिक्षक म्हणून माझी नेमणूक. दर्यापूरला पत्र टाकले. थोरल्याचे नाव पत्रात सगळ्यात शेवटी घातले.

निंबाखाली ती बाई अजून येते. सहदेवचा खटला २० मार्चला. गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षे तुरुंग, असे कचेरीत बोलतात. मी हल्ली मागच्या वाटेने जातो.

अकोला, गुरुवार, ता. ९ मार्च

येऊन तीन दिवस झाले. नवी इमारत, भिंतींना ओला चुना. बाकांचा वास छान येतो. तीस शिपाई. खुर्ची हाताची आहे. रुख्मिणीने घर लावले. सर्व हवे तसे आहे.

आज मारून कबूल करवू नये हा भाग होता. नुसता कायदा वाचून दाखवला तर पोरे झोपतात हे मला ठाऊक होते. म्हणून कारंज्याच्या गाडीवानाची गोष्ट सांगितली. ‘एका जमादाराने’ असे म्हणालो, नाव घेतले नाही. त्याच्यासारखे हातही पुढे केले.

एका शिपायाने विचारले, ‘मास्तरजी, त्या गाडीवानाचं नाव काय होतं?’

मला माहीत नव्हते. दुसऱ्याने विचारले, ‘मंग त्याच्या पोराबाळायले कोनं पोसलं?’ तेही माहीत नव्हते. जमादाराला माहीत असणार. त्यानेच पोसले असेल, मला त्याचा स्वभाव माहीत आहे. माझे हात पुढेच राहिले होते. अक्षर गिरवणारे, मऊ हात. पोरे एकमेकांकडे पाहू लागली.

साठ मैल आलो तरी हा माणूस माझा वर्ग घेतो.

बुधवार, ता. १५ मार्च

डाकेने सूर्यभानाचे पत्र आले. मी शिकवलेल्या वळणदार अक्षरात, एक खाडाखोड नाही. इथे उतरून ठेवतो.

‘तीर्थस्वरूप मास्तरजींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. सहदेवाचा खटला सोमवारी आहे. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नाही, लहानपणी गाडीखाली गेली. जमादार म्हणतात, कुंपणापाशी पाहिलेले डावे पाऊल पाच बोटांचे होते. परंतु पाहणारा दुसरा कोणी नाही. मनकर्णाबाई मला रोज विचारते. मी तिला म्हणालो, आमचे मास्तरजी सगळा कायदा जाणतात, त्यांना लिहितो, ते काही वाट काढतील. आपण कळवाल तसे करू. पहाऱ्यावरून मी पाणी प्यायला गेलो ही चूक माझी, तिची रुखरुख जात नाही. आपला आज्ञाधारक, सूर्यभान.’

पत्र वाचून ही वही मागे उलटली. १३ फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात आहे: डावे पाऊल, पाचही बोटे, करंगळी किंचित बाहेर.

म्हणजे मला ठाऊक होते. महिनाभर एक माणूस कोठडीत बसला आहे आणि त्याची सुटका या वहीत, माझ्या पेटीत धोतरांखाली होती. आणि तो म्हातारा घरोघर फिरत नव्हता. तो एकाच घरी आला होता. त्याने टाच ओळखली होती. पहिल्या दिवशीच, टोपली उचलल्या क्षणी. साहेबांपुढे, पोरांपुढे माझे नाव घेतले नाही आणि दारात येऊन मला बोटे विचारली.

हे कळल्यावर मला लाज वाटायला हवी. वाटते आहे. पण रागही आला. इतका मोठेपणा याला कोणी सांगितला होता? पकडले असते तर भांडलो असतो. आता भांडायला कोणी नाही.

रुख्मिणीला सगळे सांगितले. ती चुलीपाशी होती. म्हटले, ‘जागा जाईल. अब्रू जाईल. दर्यापूरला तोंड दाखवता येणार नाही.’

ती म्हणाली, ‘मले त्याच दिवशी समजलं होतं, तो ओट्यावर बसला तवा. वाट पाहून राहिली होती तुमी कधी सांगता म्हून.’ मग चूल विझवली. ‘आता बसले काहून? गाडी सांगा. सोमवारच्या आत पोचाले पायजे.’

अमरावती, सोमवार, ता. २० मार्च

कचेरीत गर्दी होती. मी साक्ष द्यायला उभा राहिलो तेव्हा सूर्यभानाचा चेहरा फुलला. त्याला वाटले, मास्तरजींनी कायद्यातून वाट काढली. त्याने मनकर्णाबाईला हळूच काहीतरी सांगितलेही.

मी सांगितले की १३ फेब्रुवारीच्या दुपारी टोपली मी उचलली, पाऊल मी पाहिले, पाच बोटे होती, आणि ते पाऊल मी पुसले. सूर्यभानाकडे मी पाहिले नाही.

साहेबांनी विचारले, महिन्यानंतर बोटे आठवतात कशावरून? मी ही वही पुढे केली. साहेब म्हणाले, वाचा. मी तो मजकूर वाचला. मग त्यांनी विचारले, पुसले का? मी म्हणालो, हेव्याने. साहेब म्हणाले, या एका शब्दावर कसे समजावे? मागची जी पाने त्याबद्दल आहेत तीही वाचा.

मग मी भर कचेरीत वाचले. अंगठा उठवणारा माणूस. साधे नाव लिहिता येत नाही. आईचे नाव पुढे केले की साहेबाचे मन विरघळणारच. जमादार भिंतीपाशी उभा होता, हात मागे बांधून. माझी चौदा पोरे दाराशी होती. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. थोरल्याबद्दलचे वाक्य आले तेव्हा थांबलो. लेखनिकाने पाणी दिले.

सहदेवचा पाय सर्वांसमोर पाहिला. चार बोटे. दोन साक्षी जुळल्या. त्याला सोडले.

मला नोकरीवरून दूर केले. पुरावा मोडल्याबद्दल पुढे काय करायचे ते नंतर ठरेल. वही परत देताना साहेब म्हणाले, ‘जमादाराने जानेवारीतच मला सांगितले होते की तो अमरावती सोडणार नाही. अकोल्याची जागा पहिल्या दिवसापासून तुमचीच होती.’

मी बाहेर आलो. सहदेव आणि त्याची बायको माझ्या बाजूने गेली. दोघांनीही माझ्याकडे पाहिले नाही, आणि का पाहावे? सूर्यभान खांबाला टेकून उभा होता. मी जवळ गेलो तर तो एक पाऊल मागे सरला. मी त्याला म्हणालो, ‘चूक तुझी नव्हती.’ तो जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘म्या साहेबाले सांगतलं होतं का कोनी नाई आलं.’ एवढेच बोलला.

जमादार पायरीवर बसला होता. पोरे भोवती होती, नेहमीसारखी. मी मान खाली घालून पुढून जाऊ लागलो.

‘मास्तर, थांबा जरा.’

थांबलो. वाटले, आता बोलेल. बोलावे, असेही वाटले.

‘ते सारं माह्यावरच लिवलं होतं काय?’

‘हो.’

‘इतकी पानं?’

‘हो.’

म्हातारा दाढीवरून हात फिरवत राहिला. ‘चाळीस वर्सं नोकरी केली म्या. पाच साहेब पाह्यले. माह्यावर कोनी चार अक्षरं नाई लिवली कधी.’ तो पायरीवर एका बाजूला सरकला. ‘साहेबानं मधातलं लय सोडून देल्लं. बसा इथं. सुरूपासून वाचा.’

‘चांगले काही नाही त्यात, जमादार.’

‘ते समजलं मले. वाचा तुमी.’

पोरांनी जागा करून दिली. सूर्यभान मात्र खांबापाशीच राहिला. मी जमादाराशेजारी बसलो, वही उघडली आणि ९ जानेवारीपासून वाचायला घेतले.